उतरलेले वजन आणि उरलेली त्वचा

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने किंवा दीर्घकाळच्या आहारनियमनाने चाळीस-पन्नास किलो वजन उतरले, की दंड, मांड्या, छाती आणि विशेषतः ओटीपोट येथील त्वचा सैल पडून लोंबू लागते. व्यायामात कसूर झाली म्हणूनच असे झाले, असा समज मग रुग्णाचा आणि त्याच्या घरच्यांचाही होतो. हा समज शरीररचनेला धरून नाही. व्यायामाने स्नायू भरतो, परंतु त्वचेचा ताठपणा तिच्या आतल्या थरातील, म्हणजे अंतस्त्वचेतील, दोन प्रकारच्या तंतूंवर अवलंबून असतो: तिला बळकटी देणारे कोलॅजेन आणि ताणल्यावर तिला पुन्हा आखडून घेणारे इलास्टिन. इलास्टिनची निर्मिती प्रामुख्याने गर्भावस्थेत व बालपणी होते, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या ताणाने विरळ व तुटक झालेले हे तंतू प्रौढवयात पूर्ववत जुळून येत नाहीत. वाढते वय, ऊन आणि धूम्रपान या हानीत भर घालतात. त्वचा घट्ट करण्याचे आश्वासन देणारी मलमे या थराची मोडतोड दुरुस्त करू शकत नाहीत, मग त्यांची किंमत काहीही असो.

लोंबणारा प्रत्येक भाग त्वचाच असतो असेही नाही. चिमटीत धरलेली घडी पातळ लागली तर ती बहुतांशी त्वचा असते, जाड व भरीव लागली तर तीत चरबी शिल्लक असते, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेची घाई करणे गैर ठरते. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने जाऊ द्यावेत आणि वजन काही महिने एका जागी स्थिरावू द्यावे, असा संकेत आहे. या काळात प्रथिने, लोह व ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता भरून काढणे अगत्याचे असते, कारण कुपोषित शरीरावरचे टाके लवकर उसवतात.

दिसण्यापेक्षा अधिक त्रास होतो तो घडीच्या आत. ओटीपोटावरून खाली आलेल्या पदराखाली घाम साचतो, त्वचेवर त्वचा घासते, त्यातच परकराच्या नाडीचा काच पडतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तेथे बुरशीचा संसर्ग होऊन लालसर, ओलसर, दुर्गंधीयुक्त चट्टे उमटतात. घडी धुऊन टिपून कोरडी ठेवणे आणि तीत मऊ सुती कापड घालणे हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे मात्र खाज तात्पुरती थांबवून संसर्ग रेंगाळत ठेवतात आणि आधीच दुबळी झालेली त्वचा आणखी पातळ करतात.

पोटावरचा पदर कापून काढण्याची शस्त्रक्रिया बाल्टिमोर येथील स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये नोंदविली. आज तिचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात: पॅनिक्युलेक्टमीत केवळ लोंबणारा पदर काढला जातो, तर अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टीत त्याखेरीज पोटाचे फाकलेले स्नायू शिवून बेंबीही नव्या जागी बसविली जाते. छेदाच्या रेषा रुग्णाला उभे करूनच आखल्या जातात, कारण आडवे होताच सैल त्वचा कुशीकडे सरकते आणि अंदाज चुकतो. एका कटीपासून दुसऱ्या कटीपर्यंत जाणारा व्रण कायम राहतो. त्वचेखाली पाणी साचणे, जखम उकलणे आणि पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे हे धोकेही असतात, व ते शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णासमोर स्पष्टपणे मांडले गेले पाहिजेत. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसून जखमेच्या कडा काळवंडतात, म्हणून तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद करावी लागते. मिश्रीला तंबाखू न मानणाऱ्या स्त्रिया ती सहसा सांगत नाहीत, त्यामुळे मिश्रीबद्दल नाव घेऊनच विचारावे लागते.

भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते, वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग असलेली मात्र सरसकट वगळलेली नसते. त्यामुळे ज्यांना घडीतील चट्टे वारंवार होतात त्यांनी प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवून त्याची नोंद केसपेपरवर करून घ्यावी, जमल्यास छायाचित्रासह, आणि ते कागद जपून ठेवावेत.