प्रत्येक फेऱ्याची किंमत

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप हवेतून आवाज ऐकत नाही. त्याच्यासमोर गाऊन बघा, टाळ्या वाजवून बघा. नीट बनवलेला पिकअप ढिम्म राहतो. गिटारला नायलॉनच्या तारा चढवल्या तरी तो गप्पच. त्याला कळतं ते फक्त पोलादी तारेचं हलणं. पिकअपमधलं चुंबक वरून जाणाऱ्या तारेचा तेवढा तुकडा चुंबकित करतं. तार थरथरली की तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र थरथरतं आणि भोवतीच्या तांब्याच्या कॉइलमध्ये वीज उमटते. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. शंभर वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम या हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माणसानं ते आपल्या वाद्याला लावलं आणि 'फ्राइंग पॅन' ही गिटार जन्मली. पुढे वॅन शिप्लींनी याच जातीच्या विजेच्या गिटारवर हिंदी चित्रपटांच्या धुना वाजवल्या आणि रेकॉर्डवरून त्या आपल्याकडे घराघरांत पोचल्या.

मी पिकअप बांधतो, दुरुस्त करतो, बदलून देतो. या कामातलं सगळं शहाणपण मला कॉइल गुंडाळताना मिळालं. स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या धर्तीचा एक पिकअप घ्या. त्यावर ४२ गेजची तार बसते, साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची. बोटांच्या चिमटीतून ती जाते तेव्हा डोळ्यांपेक्षा स्पर्शानंच जास्त कळते. जरा ताण वाढला की तुटते, जरा सैल सुटली की कॉइल भुसभुशीत होते. अशा तारेचे सात-आठ हजार फेरे पडले की एक पिकअप होतो, आणि त्या एवढ्याशा बॉबिनवर एक किलोमीटरहून जास्त तार सामावलेली असते.

मशीन फिरत असताना एक गोष्ट सतत मनात असते. प्रत्येक फेरा आवाज वाढवतो आणि त्याच वेळी वरचे स्वर थोडे खातो. फेरे वाढले की कॉइलचं इंडक्टन्स वाढतं. ते आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर ठरवतात. त्या शिखराजवळचे स्वर उठून दिसतात, त्यापुढचे झपाट्यानं मावळतात. नेहमीच्या केबलबरोबर साध्या सिंगल कॉइलचं शिखर चार किलोहर्ट्झच्या आसपास येतं, दोन कॉइलच्या हंबकरचं तीनच्या आसपास. एकाची काचेसारखी खणखण आणि दुसऱ्याचा भरदार गळा यांत अंतर आहे ते मुख्यतः एवढंच. म्हणून जोर आणि चमक दोन्ही पूर्ण हवेत असं कोणी म्हटलं, तर मला त्याला थांबवून विचारावं लागतं की यातलं कमी काय चालेल.

हंबकरचा इतिहास याच देवघेवीचा आहे. सिंगल कॉइल तारेबरोबर भोवतालच्या विजेच्या तारांची घरघरही उचलते; अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारी ठेवल्या, दोन्हींचे चुंबकीय ध्रुव उलट आणि गुंडाळणीही उलट. तारेचा संदेश दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची घरघर एकमेकींना खोडते. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. १९५७ पासून 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, अशी चिठ्ठी चिकटवून ते पिकअप बाजारात आले, आणि त्या चिठ्ठीच्या आद्याक्षरांवरून आजही 'पी.ए.एफ.' म्हणून ओळखले जातात. पण घरघर फुकट गेली नाही. दोन कॉइल तार दोन ठिकाणी ऐकतात, त्यामुळे काही बारीक तरंगही एकमेकांना खोडतात. मौज अशी की त्या जुन्या पिकअपमध्ये दोन कॉइलचे फेरे पुष्कळदा सारखे नसत आणि चुंबकंही मिळतील त्या प्रतीची असत. घरघर पूर्ण जात नसे, पण थोडी चमक मागे उरे. लोक आज ज्यासाठी जीव टाकतात तो आवाज या अपुरेपणातून आला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न फार जवळचा आहे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचं स्टेज आठवा: जनरेटरवरची वीज, अर्थिंगचा पत्ता नाही, गिटारवाल्याच्या पाठीमागेच लाइटवाल्याचे डिमर. तिथं सिंगल कॉइल गाण्याच्या दोन ओळींमधली शांतता भरून टाकते. गिटारच्या पोकळीत तांब्याचा पत्रा लावून काही प्रमाणात उपाय होतो, पण पत्रा विद्युत क्षेत्र अडवतो, ट्रान्सफॉर्मरमधून येणारं चुंबकीय क्षेत्र नाही. अशा मुलांना मी हंबकर सुचवतो, किंवा मधल्या पिकअपची चुंबकं आणि गुंडाळणी दोन्ही उलटी करून देतो, म्हणजे निदान तो जोडीनं वाजताना स्विचच्या दोन जागी घरघर जाते. जो घरात बसून रेकॉर्डिंग करतो त्याला मात्र मी सिंगल कॉइलपासून परावृत्त करत नाही. खुर्ची थोडी वळवली तरी घरघर बरीच कमी होते, आणि ती चमक दुसऱ्या कशातून येत नाही.

गिऱ्हाईक बहुधा आकडा घेऊन येतं. "काका, सोळा के वाले बसवून द्या, जास्त दणकट हवेत." सोळा के म्हणजे कॉइलचा रोध, सोळा हजार ओहम. हा आकडा मल्टिमीटरवर चटकन दिसतो म्हणून सगळ्यांना आवडतो. पण तार ४२ ऐवजी ४३ गेजची घेतली तर तेवढ्याच फेऱ्यांत रोध चढतो, आवाज मात्र तेवढा चढत नाही. शिवाय तांबं तापलं की रोध वाढतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे साडेसात के दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी सव्वाआठ के दाखवेल. त्यानं कानाला काही फरक पडत नाही. एकाच जातीच्या दोन पिकअपची तुलना करायला हा आकडा बरा. आवाज सांगायला त्याचा उपयोग नाही.

म्हणून मी त्या मुलाला म्हणतो, "आधी वाजवून दाखव, आणि काय खटकतं ते सांग." पुष्कळदा खटकत असतं ते पिकअपच्या उंचीमुळे. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि बारीक तारेखाली साधारण दोन मिलिमीटर, जाड तारेखाली थोडं अधिक अंतर ठेवून बघायचं. ताकदवान चुंबकं फार जवळ आली की तारेला ओढतात आणि जाड तारेवरचे वरचे स्वर बेसूर डोलू लागतात. दोन स्क्रू फिरवून तेवढं सुधारलं तर नवा पिकअप कशाला? मग व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा बदलता रोध, बघायचा. सिंगल कॉइलला २५० के, हंबकरला ५०० के, ही साधी रीत आहे. उलट बसला असेल तर आवाज बोचरा होतो किंवा मंदावतो. लांबलचक केबल असेल तर तीही बदलून बघायची, कारण तिच्या प्रत्येक मीटरनं शिखर खाली सरकतं.

आणखी एक परीक्षा मी सोडत नाही. प्लग न लावता गिटार वाजवायची, डोकं टेकवून ऐकायची. बिनविजेची गिटार ज्या स्वराला लवकर मरते, तो स्वर कुठलाही पिकअप जिवंत करत नाही. जे तारेतच नाही ते तो आणणार कुठून? तो फक्त निवड करतो.

एवढं सगळं करूनही आवाज हवा तसा येत नसेल, तर पिकअप जरूर बदलावा. तेव्हा आपला अँप आणि आपलीच केबल बरोबर घेऊन जा, आणि एकट्याचा आवाज ऐकून ठरवू नका. ड्रम आणि बास सुरू असताना ऐका, कारण एकट्यानं भारदस्त वाटणारा पिकअप मेळात बुडतो आणि किंचित पातळ वाटलेला नेमका वर येतो. कुठे आणि कुणाबरोबर वाजवायचं आहे हे ठरवा, त्यासाठी काय सोडायला तयार आहात तेही ठरवा. दुकानदार किंवा माझ्यासारखा कारागीर पिकअप देऊ शकतो, ते उत्तर मात्र वाजवणाऱ्यानंच द्यायचं असतं.