नारदांच्या गादीवरची नक्कल



गुडघे उभं राहू देत नाहीत, म्हणून कीर्तनसेवा थांबली. चाळीस वर्षं नारदांच्या गादीवर उभा राहिलो, त्यातली एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहिली आहे.

तीसएक वर्षं झाली. एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. निरूपणात मी एक दृष्टांत द्यायचो. आई मंदबुद्धीच्या पोराला गूळ आणायला पाठवते आणि तो दर खेपेला भलतंच घेऊन येतो. त्याचं अडखळत बोलणं, मान वाकडी करून चालणं, सगळं मी करून दाखवायचो. मंडप पोट धरून हसायचा. खरं सांगू? अभंगाचा अर्थ थोडेच लोक घरी न्यायचे, ती नक्कल मात्र सगळे न्यायचे.

कीर्तन संपल्यावर लोक दर्शनाला आले. सगळ्यांत शेवटी एक बाई. बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, मान किंचित कललेली, मुठीत आईचा पदर. म्हणाल्या, "महाराज, नक्कल हुबेहूब झाली. उद्यापासून गावातली पोरं माझ्या लेकराला गूळ आणायला पाठवतील."

मी म्हणालो, "माउली, ज्याचं त्याचं प्रारब्ध. नाम घ्या." त्या पाया पडून निघून गेल्या. लाज वाटते सांगायला, पण ती नक्कल मी पुढं दोन वर्षं केली. हशाची चटक वाईट.

आणि याच तोंडानं मी कूर्मदासांचं आख्यान सांगत होतो! हात नाहीत, पाय नाहीत, पैठणाहून सरपटत पंढरीला निघालेले. लऊळला शरीर थकलं, तेव्हा वारकऱ्यांजवळ त्यांनी निरोप दिला आणि पांडुरंग भेटायला आले. पांडुरंग आले यावर मी तासभर बोलायचो. निरोप नेणाऱ्या वारकऱ्यांवर एक वाक्यही कधी बोललो नाही.

पुढे आमच्या दिंडीतल्या एका टाळकऱ्यानं विचारलं, "महाराज, थोरल्याला वारीला आणू का?" मुलगा बावीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. दोघा-तिघांनी कुरकुर केली: हरवला तर, कुणाच्या अंगावर गेला तर? मी म्हटलं, आणा. पहिल्या वर्षी खुडूसच्या रिंगणात गलका वाढला तसा तो कानांवर हात ठेवून रांगेतच खाली बसला. मागचे ओरडायला लागले. दुसऱ्या वर्षी त्याला कडेला उभं केलं, कानात कापूस घातला. रोज तीच रांग, तीच जागा, गळ्यात दिंडीचा क्रमांक आणि बापाचा फोन लिहिलेलं कार्ड. पाणी वाटायचं काम त्याचं. कोण पाणी न पिता चाललंय, हे आमच्या दिंडीत त्याच्याइतकं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

एका मुक्कामी बाप म्हणाला, "आमच्या मागं याचं कोण?" शास्त्र वाचलेला मी, उत्तर नव्हतं. मग दिव्यांग मुलांच्या शाळेतल्या एका गुरुजींना गाठलं आणि म्हातारपणी नवा पाठ घेतला. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार धरले आहेत, आणि ठरावीक प्रमाणापुढचं दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यातलंच 92 वं कलम गुरुजींनी वाचून दाखवलं: दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. मी खाली बघत ऐकलं. त्या बाई हेच मला कायद्याच्या किती तरी आधी सांगून गेल्या होत्या.

कीर्तनकार बंधूंनो, काल्याच्या दिवशी देणगीदारांची नावं वाचायला आपल्याला अर्धा तास पुरत नाही. त्यात दोन मिनिटं काढा. दिव्यांगत्वाचा दाखला कुठं मिळतो, ही समिती कुठं भरते, एवढं माईकवरून सांगा. घरात मूल लपवून ठेवलेली एखादी आई मंडपाच्या कडेला बसलेली असते, ती ऐकते. आणि मुलाला दिंडीत घ्यायचं तर त्याच्या आईबापाला आधी विचारा, त्याला काय सोसतं, काय सोसत नाही.

कीर्तन थांबवण्याआधी मी त्या गावी पुन्हा काल्याची सेवा मागून घेतली. उभा राहिलो आणि त्या नक्कलेची माफी भर मंडपात मागितली. बाई दिसल्या नाहीत. कुणीतरी सांगितलं, मुलाला घेऊन त्या भावाकडे गेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. भावाचं गाव कोणतं, ते तिथं कुणाला माहीत नव्हतं.