हौदामागं किती फेरे

आमच्या कळंब तालुक्यात ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात. आमचं रान डीपीपासून शेवटच्या खांबावर. लाईन आली की ऑटोस्विचमुळं सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि ४१५ असायला हवा तो आमच्या स्टार्टरवरचा काटा ३२० वर बसायचा. व्होल्टेज पडलं की बल्ब नुसता मिणमिणतो, वीजही कमी खातो. मोटारीचं उलटं. ती जास्त अँपिअर ओढते, तापते, जळते. एका उन्हाळ्यात आण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, दोनदा मोटार भरून आणली. तेवढ्यात पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या आणि खोडवा वाळला.

मग डीपीवरच्या आम्ही सात जणांनी कपॅसिटर बसवले. काटा वर सरकला. वीज वाचली का, हे मला मोजायचं होतं.

"आरं, आपलं बिल हॉर्सपॉवरवर. वाचली तरी कुनाला कळनार?" आण्णा म्हणाले.

खरंच होतं. राज्यात लाखो शेतीपंपांना मीटरच नाही. भावकीतल्या एका विहिरीवर मात्र चकतीचा मीटर होता. तिथं मोजलं. सातही कपॅसिटर एक दिवस चालू, एक दिवस बंद, असं आठ दिवस. वेळ रोज सकाळचीच. दुपारपर्यंत विहिरीचं पाणी खाली जातं, मग फरक व्होल्टेजचा की पाण्याचा ते कळत नाही. घड्याळ लावून तास धरण्यातही अर्थ नव्हता, कारण व्होल्टेज चांगलं असलं की त्याच तासात पाणीही जास्त पडतं. म्हणून हौद भरेपर्यंतचे चकतीचे फेरे मोजले. परदेशात वीज कंपन्या मुद्दाम व्होल्टेज थोडं उतरवून बचत तपासतात, तेव्हाही असंच दिवसाआड करतात.

हौदामागं फेरे थोडेच कमी भरले. आण्णा हिरमुसले. पण खांबावरून येणाऱ्या वायरीतले अँपिअर ९ वरून ७ वर आले होते, आणि तारेतली नासाडी अँपिअरच्या वर्गानं चालते. ८१ च्या जागी ४९. म्हणजे तार तापण्यात जाणारी वीज चाळीस टक्क्यांनी घटली, तीही मीटरच्या पलीकडं, डीपीच्या बाजूला.

"म्हंजी पैसं आमी घातलं, आन् वाचलं तारंत?"

"तारेत. आन् तुमची मोटार."

डीपीवर तेव्हा मीटर नव्हता. पुढच्या वर्षी दोघांचे कपॅसिटर फुगले. त्यांनी ते सोडवून ठेवले, नवे काही आणले नाहीत. काटा परत ३४० च्या खाली यायला लागला.