सातव्या गुणसूत्रावरची जनुकं

८ जुलै
विद्यापीठ चौकातल्या कोंडीत सकाळ गेली. दुपारी उंदराचं सातवं गुणसूत्र उघडून बसले. बीटा-ग्लोबिनची मुख्य जनुकं क्रमाने लिहिली : आधी ‘वाय’, मग ‘बीएच-१’, शेवटी प्रौढ वयातली दोन. पहिली दोन गर्भाच्या सुरुवातीच्या रक्तात चालतात, शेवटची जन्मभर. गर्भातली आधी, प्रौढ वयातली नंतर, अशी मांडलेली. माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावरही हाच शिरस्ता.

९ जुलै
नावांचा घोळ. काळ्या सी-५७ उंदरात प्रौढ जनुकं ‘बी-एस’ आणि ‘बी-टी’, पांढऱ्या बाल्ब-सीमध्ये ‘बी-१’ आणि ‘बी-२’. २००२ साली छापलेला जीनोम काळ्याचा. वर्गात करतोय त्या जनुकांच्या तक्त्यावर उंदराची जात लिहायचीच, असं मुलांना बजावलं.

पांढरेपणाचं जनुकही याच गुणसूत्रावर. ते आणि गुलाबी डोळ्यांचं जनुक एकमेकांपासून सहज सुटत नाहीत, हे १९१५ मध्ये हॉल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि स्प्रंट यांनी दाखवलं. निबंध छापून येईतो स्प्रंट युद्धात गेलेले. हॉल्डेन पुढे भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

१२ जुलै
ग्लोबिनच्या दोन्ही अंगांना वास ओळखणाऱ्या रिसेप्टरची जनुकं, रांगच्या रांग. तांबट आळीत एकटं सराफी दुकान असावं तसं. उंदरात अशी चालू जनुकं हजाराच्या वर, अनेक गुणसूत्रांवर विखुरलेली. पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत हे शेजारी कापून टाकतात. मला पटत नाही. आमच्या तक्त्यात ते राहतील.

१५ जुलै
सरळ रेषेतला नकाशा तरी अर्धवटच. ही जनुकं चालू करणारा भाग प्रौढ जनुकांपासून सुमारे ५० हजार बेस लांब. गर्भाच्या यकृतात, जिथे तेव्हा रक्त तयार होतं, तो वळून जनुकाला भिडतो. मेंदूच्या पेशींत भिडत नाही. हे रॉटरडॅमच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं. तशाच तंत्राने आपल्या गणेशखिंडीतल्या एनसीसीएसमध्ये संजीव गलांडे यांच्या गटाने २००७ साली माणसाच्या एमएचसी वर्ग-१ जनुकांची वळणं मांडली, सॅटबी-१ प्रथिन ती कशी धरून ठेवतं तेही. निबंध मुलांना दिला. पत्ता वाचून दोघं-तिघं चकित झाले. बाहेरच्याच प्रयोगशाळांची नावं पाठ करण्याची सवय, दुसरं काय!

१८ जुलै
“मॅडम, थॅलेसेमियाच्या मुलांना याचा उपयोग काय?” पिंपरीची विद्यार्थिनी. तिच्या भागात सिंधी वस्ती मोठी आणि सिंधी समाजात या आजाराचे वाहक जास्त. प्रश्न रास्त आहे. आजार बीटा जनुकाचा. गर्भातलं गॅमा जनुक जन्मानंतर चालू राहिलं तर तो सौम्य होतो. त्याला पुन्हा जागं करणाऱ्या जनुक-संपादनाच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. उंदराचं ‘बीएच-१’ हे गॅमाचंच भावंड, पण ते गर्भाच्या पहिल्या टप्प्यातच थांबतं. तेव्हा या एका प्रश्नापुरता आमचा तक्ता अपुरा. त्यासाठी माणसाचा अख्खा बीटा-ग्लोबिन पट्टा बसवलेले उंदीरच वापरावे लागतात.