भंडाऱ्याची पितळ आणि घडणावळ

नागपूरहून पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी भंडारा वसले आहे. ‘भाणे’ म्हणजे पितळेचे ताट. त्यावरूनच गावाला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी करावा. पितळी भांड्यांनी या गावाची ओळख घडवली, हे मात्र निर्विवाद.

तांबे व जस्त यांच्या मिश्रणाने पितळ होते, तांबे व कथील यांच्या मिश्रणाने कासे. पितळेचा पत्रा ठोकता ठोकता ताठरतो. तसाच पुढे ठोकला तर चिरतो. म्हणून कारागीर तो भट्टीत तापवून नरम करतो आणि पुन्हा हातोडी उचलतो. गुंडाचे गोल पोट अशा कित्येक फेऱ्यांतून आकार घेते. अंगावर दिसणारे ठोके केवळ शोभेचे नसतात. त्यांनीच धातूला बळकटी येते.

विक्री तराजूवर होते. धातूचा भाव बाजार ठरवतो, तेव्हा घासाघीस उरते ती घडणावळीत. व्यापारी घरांना हे वेगळे सांगायला नको. भांडे मोडीत निघाले की घडणावळ शून्य, हातोडीच्या साऱ्या श्रमांसह.

स्टील आले, त्याला कल्हई लागत नाही. पितळी पातेल्यात आंबट शिजवायचे तर ती हवीच. कल्हईवाला दारावर येईनासा झाला आणि पातेली माळ्यावर गेली. यात गृहिणीचा दोष नाही. समई आणि घंगाळ मात्र लग्नाच्या खरेदीत अजून टिकून आहेत. त्यांच्या किमतीतला मोठा आकडा धातूचा असतो. कारागिराची चूल पेटते ती धाकट्या आकड्यावर.