हरिश्चंद्रगडाची वाट आणि खिशांतला नकाशा

अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगड आम्हीं यापूर्वीं दोनदां पाहिला होता. पण तेव्हां वाट विचारीत गेलों होतों. गेल्या भाद्रपदांत घरांतील सात माणसें निघालीं, तेव्हां पुतण्यानें जाहीर केलें कीं, आतां कोणास कांहीं विचारावयास नको. मित्रानें वाटेची 'केएमएल' फाईल धाडली आहे.

आदल्या रात्रीं माजघरांत सारें कुटुंब त्याच्या मोबाइलभोंवतीं जमलें. त्यानें ती फाईल 'गूगल अर्थ'मध्यें उघडली. पृथ्वीचा गोल गर्रकन् फिरला आणि आमचा गड नॉर्वेच्या उत्तरेस, अस्वल-बेटाच्या दक्षिणेला सुमारें साठ किलोमीटरांवर, भर समुद्रांत जाऊन बसला! लोकरीचे कपडे काढूं काय, असें वहिनींनीं गंभीरपणें विचारलें.

चूक साधी होती. गडाचा अक्षांश सुमारें १९.३९ उत्तर व रेखांश ७३.७८ पूर्व. आपण बोलतांना अक्षांश आधीं सांगतों. केएमएलचा दंडक उलट, त्यांत रेखांश आधीं लागतो. मित्रानें नकाशा पाहून मोजके बिंदू हातानें लिहिले, ते बोलण्याच्या क्रमानें. ७३.७८ हा अक्षांशही असूं शकतो, म्हणून यंत्रानें ब्र काढला नाहीं. ('जीपीएक्स' फाईलींत दोन्ही आंकडे नांवानिशीं लिहावे लागतात, तेथें असा घोटाळा सहसा होत नाहीं.) आंकडे फिरवितांच गड स्वस्थानीं आला. डोंगरांत नेटवर्काचा भरंवसा नसतो, म्हणून त्या भागाचा नकाशाही मोबाइलमध्यें उतरवून घेतला.

पाचनईहून मीं हट्टानें एक वाटाड्या बरोबर घेतला. पुतण्याला तें रुचलें नाहीं. वर हरिश्चंद्रेश्वराचें दर्शन झालें, केदारेश्वराच्या गुहेंतील गार पाण्यांत मुलें भिजलीं, आणि आम्हीं कोंकणकड्याकडे निघालों तों धुकें उतरलें. दहा पावलांपलीकडचें माणूस दिसेना. पुतण्या मोबाइल पुढें धरून रेघेवरून चालूं लागला. वाटाड्यानें त्याचा दंड धरला. "दादा, थांबा. ही रेघ पाखराची आहे. तिकडं जमीन नाहीं."

कड्याचा काठ कोयत्यासारखा आंत वळलेला आहे. फाईलींत काठावरचे दोनच दूरचे बिंदू होते. यंत्रानें ते सरळ रेघेनें जोडले, आणि ती रेघ काठ सोडून दरीवरून गेली. शिवाय उघड्यावरही मोबाइल आपली जागा पांच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवितो. उंच कड्यांच्या आसपास याहूनही अधिक. रस्त्यावर याचें कांहींच वाटत नाहीं. पहिल्या चुकीला आम्हीं पोट धरून हंसलों होतों. ही दुसरी त्याच फाईलींत निमूट बसली होती, आणि आदल्या रात्रीं ती कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. मीं पुतण्यास रागें भरणार होतों; पण त्याचा पांढराफटक चेहरा पाहून गप्प बसलों.

अर्ध्या तासानें धुकें विरळ झालें. परततांना पुतण्यानें आमची चाल पावलोपावलीं नोंदवीत आणली. घसरडा उतार, पाण्याचें टाकें, काठापासून दूर राहण्याची जागा, हें सारें वाटाड्यानें सांगावें व यानें त्याची खूण करावी, असें पाचनईपर्यंत चाललें. ती जीपीएक्स फाईल त्यानें त्याच रात्रीं मित्रास धाडली, आणि जुनी काढून टाकावयास सांगितलें. वहिनींनीं तींत आपलीही एक खूण घालावयास लावली : पाचनईचें तें अंगण, जेथें आम्हांला गरम पिठलें-भाकरी मिळाली.