वारशाने आलेला कोड

सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हा विषय विद्यापीठात ज्या क्रमाने शिकविला जातो, म्हणजे आधी गरजांचा तपशील, मग आराखडा, मग प्रत्यक्ष आज्ञावली, मग चाचणी, आणि सत्र संपता संपता देखभालीचे एक उपेक्षित प्रकरण, तो क्रम तर्कशुद्ध असला तरी विद्यार्थ्याच्या ठायी आस्था उत्पन्न करण्यास मुळीच अनुकूल नाही, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. ज्याने आपलीच शेदोनशे ओळींची आज्ञावली काय ती पाहिली आहे, त्याला दस्तऐवजांचे प्रयोजन व्याख्यानाने पटत नाही. तो मुदतीपूर्वी जर्नल पुरे करतो, तोंडी परीक्षेपुरत्या व्याख्या ध्यानात ठेवतो, आणि यात दोष त्याचा नव्हे.

म्हणून मी शिरस्ता उलटा केला. सत्रारंभीच प्रत्येक गटाच्या हाती गतवर्षीच्या एखाद्या गटाचा प्रकल्प द्यावयाचा आणि त्यात एक नवी सोय घालावयास सांगावयाचे. ‘टेम्प२’ या नावाखाली काय साठविले आहे, एक ओळ बदलताच भलतीकडे बिघाड का व्हावा, गिटमधील प्रत्येक नोंद नुसती ‘फायनल’ का, असे प्रश्न घेऊन मुले चिडून येतात. तो संताप मला फार मोलाचा वाटतो, कारण बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका घटकाच्या आत झाकून ठेवावा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मांडलेले तत्त्व त्याच घडीला त्यांना हवेसे झालेले असते.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातून उडालेल्या पहिल्या एरियान-५ अग्निबाणाची हकीकतही मी तेव्हाच सांगतो. एरियान-४ वरून जशीच्या तशी घेतलेली एक आज्ञावली ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवू गेली; जुन्या अग्निबाणाच्या मानाने धरलेले गृहीत नव्याच्या अधिक वेगापुढे टिकले नाही, आणि सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. विशेष हे की, उड्डाणानंतर त्या गणिताची एरियान-५ ला गरजच नव्हती. हे ऐकल्यावर आपल्या वाट्याच्या कोडमध्ये अशी गृहीते कोठे दडली आहेत, याचा शोध मुले न सांगता सुरू करतात.

सत्राच्या मध्यावर मूळ लेखकांना, म्हणजे वरच्या वर्गातील मुलांना, पाचारण करून त्यांची कैफियत ऐकली जाते. एरवी व्याख्यानाला मागच्या बाकावर बसणारी मुले त्या दिवशी पुढे येऊन उलटतपासणी घेतात.

आपले गुण दुसऱ्याच्या कोडवर अवलंबून का ठेवावेत, ही सहकाऱ्यांची हरकत रास्त आहे. तेव्हा मी प्रकल्प किती सुधारला यापेक्षा गटाने काय समजून घेतले आणि काय लिहून ठेवले, यालाच अधिक गुण देतो. त्याची परीक्षाही मी घेत नाही. खालच्या वर्गातील एखादा अपरिचित विद्यार्थी शेवटच्या तासाला येतो, गटाने लिहिलेले टिपण उघडतो, आणि कोणालाही काही न विचारता प्रकल्प चालू करून दाखवतो, किंवा अडतो.